सावखेड्याचं फाटक

नंदुरबारला गाडी पावणेबाराला लागली.
एस-पाचमध्ये माझ्या बर्थवर कुणाचे तरी पाय.
सुरतेहून निघालेली ओडिशाची पोरं,
मागापुढे बारा-बारा तास उभी राहणारी,
आता तिघं मिळून एका फळीवर आडवी.
पायांचा मालक उठला. "मौसी, बैठो," म्हणाला,
माझी बिबड्यांची थैली आपणहून हुकाला टांगली.
मी ती काढली, मांडीवर घेतली.
बिबड्यांना टांगलेलं सोसत नाही.

पुष्पी रायपूरला. जावयाची तिसरी बदली.
भरताची हिरवी वांगी घेतलीत, एकेक कागदात गुंडाळून.
तिकडे कपाशीच्या काड्या कुठल्या,
गॅसवर भाजेल, अन् म्हणेल, आई, ती चव नाही आली.
दरवेळी म्हणते. दरवेळी मी नेते.

संध्याकाळी हिलालचा फोन आलेला:
"अक्का, गाडी आपला गाववरतीन जाई ना?
थांबाव नही ती. मी फाटकवर उभा ऱ्हासू,
बॅटरी दखाडसू. तू झोपी नको जाजो."

नऊ वर्षं झाली सावखेड्याला जाऊन.
भांडण नाही, तंटा नाही.
अमळनेरला उतरा, तिथून जीप, जीपमधून फाटा,
आणि निघायच्या दिवशी घरात कुणालातरी ताप.
असंच.

दोंडाईचा गेलं. नरडाणा गेलं.
डोळे मिटायला लागले की डब्यातल्या ठेच्याला बोट लावायचं
आणि चाटायचं.
वरच्या फळीवर कुणी झोपेत मोजत होतं,
बहुतेक धाग्यांचे ताके.

अमळनेर सुटलं. मी उठले.
"मौसी, उतरना है?"
"नहीं. देखना है."
"क्या?"
"भाई."
त्याला कळलं की नाही, देव जाणे. चपला न घालता मागे आला.

दारापाशी पोचल्यावर आठवलं,
कोणत्या बाजूला, हे विचारलंच नाही.
मग डोक्यात गाव फिरवून पाहिलं, परातीसारखं.
तापी ज्या अंगाला, घर त्या अंगाला.
म्हणजे डावं.
पोरानं डावं दार ओढलं, माझा दंड धरला,
आणि दादरच्या शेतांवरून आलेला गारठा
सरळ पदरात शिरला.

अंधार. विहिरीवरचा एक दिवा. अंधार.
गाडीनं शिटी दिली म्हणजे फाटक आलं.
मला वाटलेलं, बॅटरी हलवेल,
गोल-गोल, लहानपणी कोलीत फिरवायचा तशी.
पण उजेड हलत नव्हता.
त्यानं तो स्वतःच्याच तोंडावर धरला होता.

हनुवटीखालून पिवळा उजेड, कानटोपी,
पांढऱ्या मिशा (मिशा कधी ठेवल्या यानं?)
आणि डोळे दिपल्यामुळे बारीक केलेले,
म्हणजे त्याला गाडीतलं काहीसुद्धा दिसत नसणार.
अगदी आप्पा.
नाव घ्यायला तोंड उघडलं तेवढ्यात
माझ्याच गालावर पांढरा झोत आला.
पोरानं मोबाइलची बॅटरी लावली होती,
माझ्या तोंडावर.

मग खांब. मग खांब. मग बाभळी.

फोन वाजला. धापा टाकत होता,
बहुतेक गाडीमागे चार पावलं पळाला.
"मी दिसनू का?"
"दिसना."
"तू बी दिसनी. डोकं बरंच पिकनं तुनं."
"तुनं बी."
पुढे रेंज गेली.

दार लावताना पोरगा म्हणाला,
त्याच्या गावाला गाडी थांबते. चांगली पाच मिनिटं.
एवढंच म्हणाला.

परत आले तर थैलीवर कुणाचं तरी डोकं.
सात-आठ बिबड्यांचा चुरा.
न तळलेल्या बिबड्या खातं का कुणी?
त्यांनी खाल्ल्या. मीही खाल्ली.
जळगाव येईपर्यंत अंधारात
कुरुम कुरुम चाललं होतं, चारही फळ्यांवर.