डावा लिव्हर

रॉडेल इलोइलोला कायमचा परत निघाला
तेव्हा त्यानं कुकर वाटला, पंखा वाटला,
आणि सहाशे दिरहमला ही मला दिली.
एकशे पंचवीस सीसी, चिनी,
टाकीवर अजगर, अर्धा सोललेला.
"चालते," म्हणाला.
मग टॅक्सीत बसून काच खाली केली:
"कधी कधी."

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा,
टायरच्या गोदामामागे पत्र्याची सावली.
सहा दिवस दुसऱ्याचे खोके मोजतो,
शुक्रवारी माझे स्वतःचे सतरा नट
खजुराच्या डब्याच्या झाकणात ठेवतो.
परत बसवताना सोळाच लागतात.
गाडी त्याबद्दल काही बोलत नाही.

वाळूचं मात्र बोलायला हवं.
एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये पिळला
की डब्याच्या तळाशी
अख्खं म्लेहा येऊन बसतं.
वरून बायकांचा लांब मोजा चढव,
ही युक्ती कुंजुमोनची.
मोज्यासाठी दोन दुकानांत शिरलो न् तसाच बाहेर आलो.
तिसरीतल्या बाईनं विचारलं, साइझ?
मी दोन्ही तळव्यांनी फिल्टर दाखवला.

कुंजुमोन स्पेअर पार्ट विकतो.
पार्ट नंबर?
नाही.
मॉडेल?
अजगर.
तो चष्मा कपाळावर नेतो,
मोडका तुकडा नखानं खरवडून बघतो,
आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा भाग काढून म्हणतो,
हा हिचा मावसभाऊ, घासलास तर बसेल.

क्लचची केबल मापायला सुतळी नेली होती, दोन गाठी मारून.
बाबा तालुक्याला जाताना
माझ्या पावलाचं माप असंच नेत,
आणि चप्पल दरवेळी बोटभर मोठी येई.
केबलही बोटभर मोठी आली.
वाढेल, असं हिला म्हणता येत नाही.
वळसा देऊन बांधून टाकली.

मग लिव्हर मोडला.
डावा, क्लचचा, मुळापासून.
गाडी उभी होती, स्टँड रुतला,
ती आडवी झाली, एवढंच.
तीन शुक्रवार गेले.
कुंजुमोनकडे नाही, त्याच्या मेहुण्याकडे नाही,
अजमानला एक होता, त्याची किंमत ऐकून
मी त्या माणसाला चहा पाजला आणि निघालो.

सज्याच्या भंगारात जरवलीकडे
डिलिव्हरीच्या गाड्यांची रास.
काहींच्या पाठीवर खोके अजून तसेच,
एकातून सुकलेल्या सॉसचा वास.
खालून तिसरीचं हँडल वाकलं होतं,
पण डावा लिव्हर शाबूत.
त्यावर निळी टेप गुंडाळलेली,
घट्ट, वेढ्यावर अर्धा वेढा,
टोक आत खोचलेलं.
घाईच्या माणसाचं काम नव्हे ते.
मी विचारलं, हिचा माणूस?
जरवलीनं हात हवेत हलवला.
घरी गेला म्हणायचं असेल तरी तो असाच हलवतो.
पुन्हा विचारलं नाही.
दहा दिरहम म्हणाला, मी दहा दिले.
घासाघीस केली नाही याचं त्यालाच नवल वाटलं.

भोक कानशीनं वाढवलं, बसला.
"टेप काढ," कुंजुमोन म्हणाला,
"आत तडा असेल तर दिसेल."
बरोबर होतं त्याचं.
मी काढली नाही.

पहाटे पारकरच्या पिकअपमधून म्लेहाला उतरवली.
अकराव्या किकला चालू झाली,
धूर, मग आवाज,
मग लांबवर एक उंट मान वळवून बघायला लागला.
रॉडेलला व्हिडिओ पाठवला. त्याचा अंगठा आला.

टेपवर दोन बोटांची जागा झिजलेली आहे.
माझी बोटं जाड, ती तिथे पुरती मावत नाहीत,
कडेला थोडी उरतात.
पण दाबलं
की पहिला पडतो.