कुशीवर झोपणाऱ्यांसाठी

रात्रपाळी सुटून मी वडगावात पोचते
तेव्हा खाली नीलव्वाचे चार माग नुकते तापलेले असतात.
खटक्‌-खट, खटक्‌-खट.
पलंगाचे पाय, तांब्यातलं पाणी, दाताखालची पोळी,
सगळं त्याच ठेक्यात.
भाडं कमी आहे, म्हणून तक्रार नाही.
तक्रार नाही, म्हणून झोपही नाही.

कापूस घालून पाहिला. वॉर्डातला, निर्जंतुक.
मागाला त्याचं काय कौतुक!

शेवटी पगाराच्या दुसऱ्या दिवशी खडेबाजारात
मुदकप्पाच्या दुकानासमोर उभी राहिले.
दुकान कसलं, जिन्याखालचा कोपरा,
मोबाईलची कव्हरं वाळत घातल्यासारखी लोंबणारी.
"बास जास्त पाहिजे काय अक्का?"
"बास नको. झोप पाहिजे."
तो हसला नाही.
त्याच्याकडे बासवालेच जास्त होते.

एकोणीसशेचे, बिनतारी, डबीत चार्ज होणारे:
हातात घेतले आणि मनातल्या मनात हरवूनही टाकले,
एक गादीच्या फटीत, एक धुण्याच्या बादलीत.
नऊशेचे गळ्यात अडकवायचे.
गळ्यात आधीच माझ्या फोटोचं ओळखपत्र असतं.
तीनशे चाळीसचे, तारेचे,
बोंड चपटं, तुरीच्या दाण्याहून थोडं मोठं.
कुशीवर निजलं तरी टोचणार नाही, असं
खोक्यावर झोपलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून वाटलं.
तिची कूस उजवी होती. माझी डावी.

"घालून बघू?"
"तसं देत नाही अक्का. कानाचा मळ असतोय."

मला सांगतोय.
नाक-कान-घशाच्या वॉर्डात सात वर्षं
लोकांच्या कानांतून काय काय निघताना पाहिलंय मी:
हरभरा, खडूचा तुकडा, सुताचा बोळा,
एकदा अख्खं झुरळ, पंखांसकट.
रबरं तीन मापांची होती. मी लहान मागितलं.
कान वाटतात त्याहून अरुंद असतात,
आणि कुणाचेच दोन्ही सारखे नसतात.
तीनशे वीसला दिले.

घरी येऊन समुद्र लावला.
मी समुद्राला दोनदाच भेटलेय, कारवारला,
आणि दोन्हीदा घाटात उलटी झाली होती.
बंद केला.
बासरी लावली. बासरीवाल्यामागून
सिमेंटची जाहिरात आली, कानडीत, खणखणीत.
मग काहीच लावलं नाही.
तार फोनला न जोडता उशीवर सोडून दिली,
कानांत नुसतं रबर.

माग उठून येळ्ळूरच्या वाटेला लागले.
आणि आत कुणीतरी अनवाणी चालत होतं.
धप. धप.
ओळखायला जरा वेळ लागला.
रात्रभर अठरा खाटांच्या नाड्या मोजते मी,
सेकंदकाट्यावर डोळा ठेवून.
ही राहिलीच होती.
चाळीसपर्यंत मोजल्याचं आठवतं.

डोळे उघडले तर चार वाजलेले
आणि नीलव्वा पलंगाशी उभी.
"किती हाका मारायच्या गे? नळाला पाणी आलंय."
मी कानातलं एक काढलं.
ती त्याच्याकडे बघतच राहिली.
"एष्टु?"
बोटांनी दाखवलं, तीनशे वीस.
तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला.
"मलाबी आण की एक. डाव्यालाच पुरे.
सून काय बोलालीय कळंना झालंय.
किवी केळंगिल्ल."

तेहतीस वर्षं मागाशेजारी बसलेली बाई.
कानात घालायचं ते ऐकायलाच असणार,
दुसरं कशाला घालेल कोण?

ऐकायच्या यंत्राची किंमत मला माहीत आहे.
कुठल्या टेबलावर कुठला फॉर्म मिळतो,
कुठला साहेब मंगळवारी नसतो, तेही.
खाली माग चालूच होते.
मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले,
"सोमवारी चला माझ्याबरोबर, कान दाखवू!"

तिनं पदर डोक्यावर घेतला,
तोंडावर हात ठेवला,
"अगं बाई. कोण वारलं?"