पाऊणकी

मनामा. नऊ वाजायला सात मिनिटं.
सात समुद्रांपलीकडे आत्ता भर दुपार,
आणि एका लांबलचक टेबलाभोवतीची माणसं
बहुतेक उठलीसुद्धा असतील. त्यांचं ठरलंय.
आम्हाला कळायचं बाकी आहे.

माझ्या फोल्डरात तीन परिपत्रकं तयार:
एक पावाचं, एक अर्ध्याचं, एक पाऊणचं.
तारीख छापलेली, सहीची जागा कोरी.
दोन फाडायची असतात दरवेळी, आणि ती मीच फाडतो,
अगदी बारीक,
न झालेल्या गोष्टीही गोपनीय असतात म्हणून.

गावाला गेलो की विचारतात, परकार,
व्याज म्हणे तुमच्याच बँकेत ठरतं?
मी सांगतो, आमच्या दिनाराला दावं आहे,
डॉलरच्या गळ्यात दुसरं टोक.
गाय उठली की वासराला उठावं लागतं.
वासराला भूक आहे का, ऊन किती आहे,
हे कुणी विचारत नाही.
दावं सोडा मग, म्हणतात.
सोडलं तर रात्री लांडगे कुठून येतात
ते तुम्हाला माहीत नाही, म्हणतो मी
आणि चहा मागतो.

बद्रिया मॅडमचे आजोबा मोत्यांच्या गलबतावर होते.
बुडी मारणारे नव्हेत, वर दोर धरून बसणारे.
खालून हिसका आला की ओढायचं.
हळू ओढलं तर खालच्याचा दम संपतो,
घाईनं ओढलं तर नाकातून रक्त.
मी विचारलं, मग वेग कसा ठरायचा?
हाताला कळायचं, म्हणाल्या.
थोड्या वेळाने, कागदांवरून नजर न उचलता:
एकदा नव्हतं कळलं.

मला वाटतं, त्या लांब टेबलापाशीही असंच असणार.
आलेख असतील, मागच्या महिन्याची महागाई असेल,
पण दोर पाण्यात कुठवर गेलाय ते दिसत नाही.
ऑगस्टात माझ्या खोलीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी
गार नळालाही उकळतं येतं.
बंद गिझरमधलं पाणी तेवढं थंड,
म्हणून मी तो नळ फिरवतो आणि थांबतो.
काहीच होत नाही. आणखी फिरवतो.
मग दोन्ही वळणं एकदम अंगावर येतात.

नऊ.
पडद्यावर एक ओळ सरकली.
पाऊण.

मॅडमनी सही केली. मी पाव फाडला, अर्धा फाडला.
बाहेर आखाताला ओहोटी, चिखलात एक होडी कलंडलेली.
उद्या सकाळी कुठल्यातरी फ्लॅटमध्ये
मॅडमच्या आत्याबाई मुदत ठेवीची पावती काढून
चष्मा पुसतील, हसतील. त्यांचंही खरं आहे.

खाली कय्यूम सरखोत उभा होता,
मासळीची थंडगार गाडी फुटपाथला लावून.
गाडी कर्जाची, हप्ता दोनशे चौदा दिनार,
दर बदलता. तो बारीक अक्षरातला शब्द
सही करताना त्याला मीच वाचून दाखवला होता.
किती रे? त्याने विचारलं.
पाऊण.
पाऊणच ना, म्हणाला, एकाच्या आतच आहे की.
गिअर टाकला. मागे बर्फ खळखळला.

यंदाची ही कितवी?
तिसरी, मी म्हणालो.
पुलाच्या अलीकडे सिग्नल लागला तेव्हा
तो ओठातल्या ओठात पुटपुटत होता,
दापोलीच्या शाळेतलं, छडीच्या तालावरचं:
एक पाऊण पाऊण,
दोन पाऊण दीड,
तीन पाऊण...
आणि अडकला. माझ्याकडे बघायला लागला,
पुढचं मुलगा विसरला की गुरुजींकडे बघतो तसा.

सव्वादोन, मी म्हणालो.

सिग्नल हिरवा झाला होता.
मागचा हॉर्न वाजवत होता.