फेरीबोटीवर किती वजन चढतं

मला बोलावलं ते भाषेसाठी.
एरवी मी तळमजल्यावर रक्ताच्या नळ्या फिरवते,
माणसांशी संबंध लेबलापुरता.
फहाहीलच्या या इस्पितळात मराठी कळणारी
त्या दुपारी ड्यूटीवर मी एकटीच.

पाचव्या मजल्यावर लांब टेबल, खजूर, पाण्याच्या बाटल्या,
सात जण. त्यातला एक धर्माचं बघणारा, एक बाई कायद्याचं.
आणि खुर्चीच्या कडेला टेकलेली हमीदा हमदुले,
तहूराची आई,
पर्स मांडीवर घट्ट, जणू उतरायचा थांबा जवळ आलाय.

डॉक्टर नूफ बोलल्या ते वाक्य इंग्रजीत लहानसं होतं.
मी मराठीत शोधत राहिले.
काढायचा म्हणजे काटा, दात.
थांबवायची ती रिक्षा.
सोडणं म्हणावं तर आपण गुरं सोडतो, माहेर सोडतो,
एखाद्या गोष्टीवर कायमचं पाणी सोडतो,
पण जीव ज्याचा त्यानेच सोडायचा.
दुसऱ्याचा आपण सोडायचा
असं क्रियापद मला घरी कुणी शिकवलं नाही.
शेवटी म्हटलं, "मशीन बंद करायचं का, विचारतायत."
हमीदा म्हणाली, "मशीन माजं नाय. ज्यांचं त्यांना इचारा."

शब्बीर, बाप, बंदरावर क्रेन चालवतो.
तो फोनवर होता, पाठीमागे भोंगा.
त्याला ते नवं औषध हवं होतं
अकरा मुलांना देऊन पाहिलेलं.
कर्ज काढीन म्हणाला. मग म्हणाला, काढलंय.
"त्या अकरांचं काय झालं?" हमीदाने विचारलं.
कुणीतरी पान उलटलं.
चार आहेत अजून.
"आहेत म्हंजे कशी आहेत?"
ते पानावर नव्हतं.

धर्माचं बघणारे आजोबा सावकाश बोलले,
आशा उरली नाही तर इलाज सक्तीचा नाही असं मानणारे आहेत,
न मानणारेही आहेत.
कायद्याच्या बाईंनी दोन्ही लिहून घेतलं.

दाराशी उभी असलेली नर्स, मारिसेल, तिला बोलायची मुभा नव्हती,
ती म्हणाली, नऊ वर्षांची आहे.
तिला विचारलंय का कुणी?

मास्क दोन बोटं वर केला.
काय हवंय गं तुला, मी विचारलं,
बालवाडीतल्या बाईंचा आवाज निघाला माझा,
अजून लाज वाटते.
तहूरा खिडकीबाहेर बघत होती,
रिफायनरीची ज्योत, भर दिवसाही जळणारी.
म्हणाली, "बाणकोटला न्या.
वेसवीच्या फेरीबोटीवर ह्ये मशीन चढल काय?"

मी जसंच्या तसं सांगितलं. फेरीबोट म्हणजे काय तेही.

डॉक्टर नूफ म्हणाल्या, पाहा, घरी जायचंय तिला.
औषधवाले डॉक्टर म्हणाले, पाहा, मशीनसकट जायचंय.
एकच वाक्य, दोघांनी दोन टोकांनी धरलं
आणि मधे ते ताणलं गेलं, ओल्या चादरीसारखं.
मग सातही चेहरे माझ्याकडे वळले.
तिला नक्की काय म्हणायचंय?

दुभाष्याने अर्थ सांगायचा नसतो.
मला सही करायला दिलेल्या कागदावर तसं छापलेलंच होतं.
मी म्हटलं, ती फेरीबोटीबद्दल विचारतेय.
हमीदाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
रागाने की कशाने, मला कळलं नाही,
त्याला तर भाषाही लागत नव्हती.

निर्णय गुरुवारवर गेला.

रात्री खोलीवर आले, भात लावला.
भावाकडून नंबर मिळवला,
त्याच्याकडून दुसऱ्याचा, मग वेसवीच्या धक्क्यावरच्या माणसाचा.
तिकडे साडेअकरा वाजून गेलेले. उचलला त्याने.
विचारलं, बोटीवर किती वजन चढतं?
खाडीचा वारा फोनमध्ये घुसत होता.
"ट्रक चढतो की, बाई," तो म्हणाला,
"तुमचं काय आहे?"

कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, एक मिनिट हं.