पाट सोपवताना

ये यमू. आधी चपला काढ.
देवासाठी नाही.
गाळ पायाला कळतो, चपलेला नाही.

हा पांझरेवरचा आपला बंधारा.
दगड कोणाच्या पणज्याने लावले यावर गावात तीन भांडणं आहेत,
त्यात पडू नको. तू खेकड्यांची बिळं बघ.
बोटभर बीळ आज मूठभर चिखलाने बुजतं,
आठ दिवसांनी त्याला ट्रॅक्टरभर मुरूम लागतो,
आणि ट्रॅक्टर नेमका लग्नाला गेलेला असतो.

दिवाळी झाली की पाटातला गाळ काढायचा. घरटी एक माणूस.
ज्या घरातून बाई येईल, तिची हजेरी पूर्ण लाव.
अर्धी लावायची पद्धत होती.
मीच लावायचो. ते पान वहीत आहे, फाडलेलं नाही.
निघालेला गाळ शेपटीकडच्या वावरांत जाऊ दे.
तिकडे पाणी शेवटी पोचतं,
गाळ तरी आधी पोचू दे.

एका फडात एकच पीक.
यंदा खालच्यात दादर, मधल्यात हरभरा.
कोणी मधेच ऊस लावतो म्हणाला, तर हसून नाही म्हण.
हसून. नाहीतर म्हणेल, भिलाची पोर आम्हाला शेती शिकवते.
हसलीस तरी म्हणेल.

पाणी कमी पडलं तर फड आखूड करायचा,
सगळ्यांचा सारखा, वरपासून खालपर्यंत.
माणूस आखूड करायचा नाही.

शेपटीला कौतिकाबाईचं बिघाभर रान आहे.
ती रोज विचारेल, ‘माय, पानी कव्हय येई?’
रोज उत्तर दे. परवा म्हणालीस तर परवा.

सभा दुपारी घे.
दिवेलागणीला घेतली की बाया चुलीशी असतात
आणि ठराव होतो सर्वानुमते.

रात्री कोणीतरी मोटर टाकेल.
कोणाची, ते आवाजावरून कळतं.
नाव घेऊ नको. सकाळी चारचौघांत काठी बुडव,
पाणी किती उतरलं ते खडूने दगडावर लिही.
बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आता इकडे ये, डोहाकडे.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण गावाला माहीत आहे.
एका आखाजीला, शहाद्याहून जावई येणार म्हणून
मी एका मोठ्या घरचा हट्ट ऐकला,
तळाचा दरवाजा उघडला, सगळा डोह त्यांच्या वावरात सोडला.
वर्षाचं शेवटचं पाणी. त्यात उन्हाळा काढायला थांबलेल्या मरळी,
वांबी, बोटभर शिंगटे.
सकाळी झेलाबाई भोईण टोपली घेऊन दारात आली.
भांडली नाही. टोपली ओट्यावर ठेवली, फडकं उचललं,
म्हणाली, ‘मोज.’
मी मोजायला बसलो.
दोनशे अकरापर्यंत गेलो, मग डोळ्यांना दिसेना.
त्या साली भोईवाड्यातली सात घरं
सुरतेला विटा थापायला गेली. दोन परतली नाहीत.

ही खाच बघ. छिन्नीने मीच पाडली, त्याच आठवड्यात.
पाणी खाचेला टेकलं की दरवाजा बंद.
सरपंच आला तरी बंद, मी आलो तरी.
मृगापासून पोळ्यापर्यंत जाळं नाही,
नंतरही तीन बोटं सहज जातील एवढं घर असलेलंच.
कुठली मासळी कधी सोडायची, ते झेलाबाईला विचार.
तिला आता ऐकू कमी येतं. पाण्याकडे बोट दाखव, बोलेल.

आणि खताची गोणी पाटात कोणी धुवत असेल, तर
एवढ्याला मात्र ओरड.

बस. ही किल्ली, हे फावडं, ही वही.
मजुरीचं धान्य सुगीला मिळेल,
चार घरं पायलीला चिपटं कमी मोजतात. कोणती,
ते वर्षभरात कळेल तुला.

उद्या पहिलं पाणी सोडशील तेव्हा मी येणार नाही.
खाट पाटाच्या अंगाला ओढून घेतलीय.
पाणी वेगाने गेलं तर झोपेतही कळतं मला.
ओरडणार नाही.
खोकेन.