काटा

तुर्भ्याच्या धर्मकाट्यावर मी सहा वर्षं वजनं लिहिते.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजाबाकीत उरतो तो माल.
चालकाला खाली उतरवावं लागतं,
नाहीतर त्याचेही साठ किलो
कुणाच्या तरी बिलात साखर म्हणून जातात.

वाशीच्या दवाखान्यात सिस्टर मोठ्यानं म्हणाली, "चौऱ्याऐंशी."
बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं.
"आणि दिवस राहायच्या आधी?"
आधीचं मी कधी केलंच नव्हतं.
रिकाम्या गाडीची नोंद नाही,
आणि मी, काटेवाली, गप्प.

मग पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज, पेलाभर पाण्यात.
उलटी झाली तर पुन्हा यावं लागेल.
दोन तास भिंतीवरच्या काट्याकडे बघत
गोड गिळत बसले.

"एकशे सत्तावन्न," डॉक्टर म्हणाल्या.
"इन्सुलिन आहे हो भरपूर, शरीर त्याचं ऐकत नाहीये.
थोडं वजनामुळे, थोडं वारेमुळे."
वार.
आमच्याकडे ती परसात पुरतात.
मला वाटायचं नुसता मांसाचा गोळा.
ती तर बाळाची मुनीम निघाली,
आईच्या रक्तात साखर अडवून धरते
म्हणजे पलीकडे कमी पडू नये.
माझ्या गोदामात आधीच थप्प्या,
म्हणून सांडलं.

घरचे म्हणायचे, दोन जिवांची आहेस, खा.
आता म्हणतात, एवढं खाल्लंस कशाला.
अर्धी भाकरी, मेथी, बांगड्याचा तुकडा,
भाताच्या जागी ताटाचं स्टील.
दोन तासांनी खिडकीतच बोट टोचते.
एकदा पावतीवर थेंब पडला.
"मॅडम, लाल शाई कधीपासून?"

डोहाळेजेवणात सुलभावहिनींनी दोन वाट्या झाकून ठेवल्या,
एकीत पेढा, एकीत बर्फी.
उचल, उचल, सगळ्या ओरडल्या.
मी उचलली, झाकण न काढता
तळहातावर तोलून म्हटलं, "चाळीस ग्रॅम."
हशा झाला.
सासूबाई हसल्या नाहीत.
वाटी आत घेऊन गेल्या,
येताना मूठभर फुटाणे आणले.
"माझा पहिला साडेचार किलोचा होता," म्हणाल्या.
पहिल्याबद्दल त्या कधीच बोलत नाहीत.

आता रात्री चौदा युनिट, मांडीत.
डाव्या कुशीवर वळते
आणि आतून कुणीतरी लाथ हाणतं.
वहीत लिहिते : तारीख, वेळ,
गाडी भरलेली.
रिकामीचं नंतर बघू.