पेचकस

पाटी अजून तीच आहे :
‘शामराव इंगळे, टेम्पोचे डॉक्टर, शिंदे की छावणी’.
‘डॉक्टर’मधला ‘ट’ उडालाय.
पेशंटच उरले नाहीत, रंगवू कुणासाठी?

एकतीस वर्षं पेचकसाची मूठ कानाला लावली
आणि टोक इंजिनाच्या छातीला.
हजिऱ्याकडून येणारा टेम्पो
वळणावर दिसायच्या आधीच सांगायचो :
नोझल गळतंय, नाहीतर टॅपेट सैल,
नाहीतर काहीच नाही,
गेंदालाल घरी भांडून आलाय
आणि राग रेसवर काढतोय.

ग्वाल्हेर म्हणजे गाण्याचं गाव.
आत्याचे यजमान पहाटे तंबोरा जुळवायचे
आणि मी त्यांच्याच खिडकीखाली
थंडीनं आखडलेले टेम्पो किक मारमारून जागे करायचो.
खिडकी बंद व्हायची. काचेवर काजळी.
आत्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची, तोंडानं माझा उद्धार करत.
एकदा ते स्वतः खाली आले, म्हणाले,
‘‘शाम्या, तुझं हे यंत्र काळी दोनमध्ये खोकतंय.’’
तेवढी एकच दाद मला आयुष्यात मिळाली.

गेल्या दसऱ्याला गेंदालालनं टेम्पो भंगारात घातला.
परवा त्याची सून, रामश्री,
हिरवी ई-रिक्षा घेऊन दुकानासमोर उभी.
‘‘काका, चढावर दमते हो ही.’’
सवयीनं पेचकस उचलला,
टोक मोटरीला, मूठ कानाला.
काही नाही.
नाडी न सापडलेल्या वैद्यासारखा मी इकडेतिकडे बघू लागलो.

आणि मग ऐकू आलं.
एक सिलिंडर, मंद गती, धड् धड् धड्.
मागं वळून पाहिलं, गल्ली रिकामी.
माझ्याच कानात उभा होता तो,
भाडं न घेता, बंद न होता.

पेचकस खाली ठेवला. तळहात फिरवला बॅटऱ्यांवरून.
तीन थंड, चौथी तापलेली,
टर्मिनलवर पांढरी बुरशी.
चहावाल्याकडून कढत पाणी आणलं, चिमूटभर सोडा,
जुन्या ब्रशनं घासलं.
‘‘किती झाले?’’
म्हटलं, राहू दे, शिकाऊ डॉक्टर आहे.

ती निघाली. आवाज नाही, धूर नाही.
मधोमध झोपलेला कुत्रा हलेना,
तेव्हा खाली उतरून तिनं त्याला हातानं बाजूला केलं.

आत्याची खिडकी आता दिवसभर उघडी असते.
पडदा आठ-आठ दिवस पांढरा राहतो.
तंबोऱ्यावर खोळ आहे.
रात्री गॅरेजच्या भिंतीला रिक्षा ओळीनं चार्जिंगला लागतात,
ही वीज कुठल्या गावाहून येते,
तिथं कुणाची आत्या काच पुसत असेल,
ते इथून ऐकू येत नाही.

कानाचा डॉक्टर म्हणाला, हे जायचं नाही.
मी विचारलं, कुठल्या पट्टीत आहे, सांगाल?
त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

काळी दोन.
किंचित उतरलाय, पण चालू आहे.